काळी, पांढरी आणि नकाशातील रंग



महाराष्ट्रातील गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली जात आली आहे. जिथे घरे, देऊळ आणि चावडी ती 'पांढरी', आणि जिथे नांगर चालतो ती 'काळी'. घर पांढरीत बांधावे आणि पीक काळीत घ्यावे, हा दंडक कोणत्याही शासकीय कागदावर येण्यापूर्वी लोकव्यवहारात रुजलेला होता. काळी पोट भरते आणि पांढरी आसरा देते, एवढी साधी समजूत त्यामागे होती.

जुन्या ग्रामव्यवस्थेचे तपशीलवार वर्णन करणारा त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा संमत झाला. देशातील या विषयावरील आद्य कायद्यांत त्याची गणना होते. एकीकडे गावाचा लेखाजोखा आणि दुसरीकडे शहराची आखणी, असे हे दोन प्रवाह दीर्घकाळ वेगवेगळे वाहत राहिले. आज मात्र शहराची वेस गावाच्या शिवेला येऊन भिडली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. शहराजवळच्या प्रत्येक गावापुढे म्हणूनच एक प्रश्न उभा आहे : नवी घरे कोठे बांधावयाची आणि कोणती जमीन शेती, झाडे व पाणी यांसाठी राखावयाची?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विकास योजना आणि प्रादेशिक योजना तयार केल्या जातात. त्यांचे नकाशे पाहिले की सामान्य माणूस गोंधळतो. रंगीत पट्टे, बारीक रेषा आणि क्रमांक पाहून, हे काम तज्ज्ञांचे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे त्याला वाटते. वस्तुतः काळी आणि पांढरी यांची जुनी विभागणीच या नकाशात नव्या रंगांनी मांडलेली असते, आणि त्या रंगांवर गावाचे पुढील वीस वर्षांचे भवितव्य अवलंबून असते.

नकाशा काय सांगतो?

१९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने नगरपालिकांना आपल्या संपूर्ण क्षेत्राची विकास योजना तयार करणे बंधनकारक केले. परंतु शहराची वाढ नगरपालिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही. हद्दीबाहेरील गावांचाही विचार एकत्रितपणे व्हावा, या हेतूने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला आणि तो ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. शहरासाठी विकास योजना आणि शहराभोवतीच्या विस्तृत प्रदेशासाठी प्रादेशिक योजना अशी रचना त्यामुळे निर्माण झाली. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली.

या योजनांच्या नकाशात साधारणतः पिवळा रंग निवासी विभागाचा, निळा व्यापारी वापराचा, जांभळा उद्योगांचा आणि हिरवा शेती वा मोकळ्या जागांचा असतो. काही ठिकाणी 'ना-विकास विभाग', 'वनीकरण विभाग', 'डोंगरमाथा व डोंगरउतार' अशीही नावे आढळतात. कोणत्या विभागात किती व कसे बांधकाम करता येईल, हे विकास नियंत्रण नियमावलीत सांगितलेले असते. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू करण्यात आली. त्यापूर्वी निरनिराळ्या शहरांचे नियम निरनिराळे होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 'विभाग' म्हणजे जमिनीच्या वापराची मर्यादा. जमीन मालकाचीच राहते, फक्त तिचा वापर ठरवून दिलेला असतो. 'आरक्षण' म्हणजे शाळा, रस्ता, उद्यान, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा. ती पुढे संपादन करावयाची असते. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत अशी आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ अन्वये मालकाला सूचना देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. हिरव्या विभागाला मात्र ही तरतूद लागू नाही. जमीन शेती विभागात आहे म्हणजे ती सरकारने अडकवून ठेवली आहे, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही.

हिरवा रंग कशासाठी?

शेती विभाग केवळ शेतकऱ्याच्या पिकासाठी राखला जातो असे नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते ते याच उघड्या जमिनीतून. गावाची विहीर त्यावर जगते, आणि खालच्या वस्तीचा पूरही त्यामुळे काही अंशी आवरतो. ओढ्याकाठची सखल जमीन मोकळी ठेवली नाही, तर ओढा आपली जागा घरांत शोधतो.

डोंगरउताराचा प्रश्न तर जीविताचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. या वस्त्या जुन्या होत्या आणि त्या दुर्घटनांची कारणे नियोजनाच्या नकाशापुरती मर्यादित नाहीत. परंतु घर कोठे असावे हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, ही गोष्ट त्यांनी सर्वांच्या मनावर बिंबवली आहे. नव्या वस्त्या उतारावर चढत असताना नकाशातील डोंगराचा रंग गंभीरपणे घेतला पाहिजे.

काही प्रदेशांसाठी याहून कडक संरक्षण आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश २००१ मध्ये आणि माथेरानचा परिसर २००३ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. पुण्यात १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या विकास योजनेत सुमारे ९७६ हेक्टर डोंगर जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव होता. त्यावर अनेक वर्षे वाद झाला आणि अखेर २०१५ मध्ये राज्य शासनाने तो मान्य केला. हा वाद कशासाठी होता, हे समजून घेतले पाहिजे. टेकडीची हिरवाई सर्व शहराची, पण तिच्या पायथ्याची व उताराची बरीचशी जमीन खाजगी मालकांची. सर्वांच्या हितासाठी काहींनी बांधकामाचा हक्क सोडावयाचा असेल, तर त्यांना मोबदला काय आणि केव्हा मिळणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर जेथे मिळत नाही, तेथे कागदावरचे संरक्षण जमिनीवर दुबळे ठरते, आणि एकेक झोपडी, एकेक पत्र्याची शेड वर चढत जाते.

घराची गरज थांबत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अनेक गावांची ही हद्द फार पूर्वीच्या मोजणीत आखली गेली. त्यानंतर कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, एका वाड्याची चार घरे झाली. हद्द मात्र होती तेथेच राहिली. शहराजवळच्या गावांत तर कारखान्यात आणि बाजारात काम करणारी बाहेरगावची कुटुंबेही निवारा शोधत येतात. त्यांना शहरातील घर परवडत नाही आणि गावठाणात जागा उरलेली नसते.

मग काय होते? शिवेजवळचा एखादा एकर गुंठ्यागुंठ्याने विकला जातो. एका एकराचे ४० गुंठे, आणि एका गुंठ्याची जागा १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालापासून तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यामुळे व्यवहार रीतसर खरेदीखताने होत नाही. साध्या मुद्रांकावरचे करारनामे आणि कुलमुखत्यारपत्रे यांवर काम भागवले जाते. घेणाऱ्याची आयुष्यभराची पुंजी त्यात जाते, पण सात-बारावर त्याचे नाव लागत नाही आणि बँक कर्ज देत नाही. दोन घरांच्या मधली वाट इतकी अरुंद राहते की रुग्णवाहिका वा अग्निशामक बंब आत येऊ शकत नाही. सांडपाण्याला गटार नसते, शौचालयाचा शोषखड्डा आणि कूपनलिका एकमेकांना लागून येतात. काही वर्षांनी अनधिकृत बांधकामाची नोटीस दारावर लागते, तेव्हा विकणारा नामानिराळा झालेला असतो आणि घरात राहणारा उघड्यावर येण्याच्या भीतीने दिवस काढतो.

अशा माणसाला केवळ कायदा मोडणारा म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याने चूक केली हे खरे, पण त्याला परवडेल अशी पिवळी जागा नकाशात कोठे होती, हेही विचारले पाहिजे. नकाशाने घराला जागा दिली नाही तर घर आपली जागा स्वतःच शोधते, आणि ती जागा बहुधा शेतात, ओढ्याकाठी किंवा डोंगरउतारावर असते. पांढरीला पुरेशी आणि वेळेवर जागा दिली, तरच काळी वाचते. हिरवा पट्टा राखण्याचे पहिले साधन म्हणजे योग्य ठिकाणी आखलेला पिवळा पट्टा होय.

इंग्लंडचा अनुभव

हा अनुभव केवळ आपला नाही. शहराभोवती मोकळ्या जमिनीचे कडे राखण्याची कल्पना इंग्लंडमध्ये जोमाने अंमलात आली. लंडनभोवतीच्या हरित पट्ट्यासाठी १९३८ मध्ये कायदा झाला. १९४७ च्या कायद्याने जमिनीच्या विकासाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली, आणि १९५५ मध्ये शासनाने इतर शहरांनाही असे पट्टे आखण्यास प्रोत्साहन दिले. आज इंग्लंडच्या सुमारे एक-अष्टमांश भूमीवर हे संरक्षण आहे. शहरे एकमेकांत मिसळली नाहीत, खेड्यांचे स्वरूप टिकले, हे त्याचे यश निर्विवाद आहे.

त्याचबरोबर घरांची टंचाई आणि वाढत्या किमती हाही तेथील नित्याचा प्रश्न झाला. पट्ट्याच्या आत जागा नाही म्हणून अनेक कुटुंबे पट्ट्यापलीकडे राहू लागली आणि रोज लांबचा प्रवास करू लागली. पट्ट्यातील प्रत्येक तुकडा खरोखर निसर्गसंपन्न आहे काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तेथील शासनाने राष्ट्रीय धोरणात बदल करून, पट्ट्यातील ज्या जमिनी त्याचा मूळ हेतू फारसा साधत नाहीत त्यांचा काही अटींवर घरांसाठी विचार करण्यास वाव दिला. या बदलाविषयी तेथे मतभेद आहेत. आपल्याला त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, राखण करावयाची तर निवड डोळसपणे करावी लागते, आणि राखण व घरबांधणी यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

जागा देण्याचे मार्ग

आपल्या राज्यात घरांसाठी सुनियोजित जागा उपलब्ध करून देण्याचे काही मार्ग आहेत. गावठाण विस्तार हा त्यांतील सर्वांत जुना. गावठाणालगतच्या २०० मीटर पट्ट्यात निवासी वापर सुलभ व्हावा, अशी पावलेही गेल्या काही वर्षांत महसूल कायद्यात टाकली गेली. गावठाणातील घरांची मालकी निश्चित व्हावी म्हणून पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने मोजणीचा प्रयोग झाला, आणि पुढे २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. मिळकत पत्रिका हाती आली की घरावर कर्ज मिळू शकते, जुन्या घराची पुनर्बांधणी होऊ शकते आणि शेतात सरकण्याची निकड काही प्रमाणात कमी होते.

दुसरा मार्ग नगररचना योजनेचा. १९१५ च्या कायद्यातच तो होता. लगतच्या मालकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते, शाळा व मोकळ्या जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. मुंबईतील वांद्रे-सांताक्रुझ आणि पुण्यातील भांबुर्डा येथील जुन्या वसाहती या पद्धतीने आखल्या गेल्या. गुजरातने हा वारसा पुढे चालविला आणि अहमदाबादच्या वाढीत त्याचा मोठा वापर झाला. महाराष्ट्रात मधली काही दशके ही पद्धत मागे पडली होती. आता तिचे पुनरुज्जीवन होत आहे. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात सिडकोने आखलेल्या योजनांत मालकाला सुमारे ४० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याचे सूत्र आहे. हे प्रमाण न्याय्य आहे काय, याबाबत तेथील शेतकऱ्यांनी आक्षेप घेतले आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळणे योजनेच्याच हिताचे आहे.

पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्याचे उदाहरण बोलके आहे. शहर जवळ येत असल्याचे पाहून तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली जवळजवळ ४०० एकर जमीन एकत्र केली आणि तुकड्यातुकड्याने न विकता तिचा नियोजनबद्ध विकास केला. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही, कारण तेथील बाजारमूल्य व संघटन दोन्ही विशेष होते. तथापि, जमिनीचा रंग बदलत असताना शेतकरी केवळ विक्रेता न राहता भागीदार होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

वेळेवर बोलणे

योजना कितीही विचारपूर्वक केली तरी कार्यालयात बसलेल्या आखणीकाराला प्रत्येक बांध, प्रत्येक झरा ठाऊक असणे शक्य नाही. म्हणूनच कायद्याने नागरिकांना बोलण्याची संधी दिली आहे. प्रारूप विकास योजना तयार झाली की कलम २६ अन्वये राजपत्रात व वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत त्या सूचनेतच दिलेली असते. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते, योजनेत आवश्यक ते फेरबदल होतात आणि त्यानंतर योजना शासनाच्या मंजुरीसाठी जाते.

या हरकतींना अर्थ नसतो, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य शासनाने तो नव्याने तपासून तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. नागरिकांनी नकाशे पाहिले, चुका दाखविल्या आणि त्यांची दखल घ्यावी लागली.

ग्रामीण भागात मात्र सूचना प्रसिद्ध झाल्याचेच अनेकांना कळत नाही. मुदत उलटते, योजना अंतिम होते आणि आपली विहीर रस्त्यात गेली किंवा गावाचे गायरान पिवळे झाले, हे जमीन मोजायला माणसे आली म्हणजे समजते. अंतिम योजनेतही कलम ३७ अन्वये फेरबदल होऊ शकतो, पण तो मार्ग लांबचा आहे.

यास्तव काही गोष्टी प्रत्येक गावाने आवर्जून कराव्यात. आपले गाव कोणत्या प्रादेशिक वा विकास योजनेत येते, हे ग्रामपंचायतीने नगररचना कार्यालयातून जाणून घ्यावे आणि गावाचा नकाशा सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. प्रारूप योजना प्रसिद्ध होताच ग्रामसभेत तिच्यावर चर्चा व्हावी. येत्या वीस वर्षांत गावात किती घरे लागतील, त्यांना कोणती जमीन सोयीची आहे, आणि कोणते ओढे, गायरान, देवराई व बागायत कोणत्याही स्थितीत राखली पाहिजे, हे गट क्रमांकांसह लेखी कळवावे. 'आमच्या गावावर अन्याय झाला' अशा मोघम अर्जापेक्षा गट क्रमांक, कारण आणि पर्यायी जागा सांगणारा अर्ध्या पानाचा अर्ज अधिक परिणामकारक ठरतो.

जागा घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी सात-बारा उताऱ्याबरोबर झोन दाखला आणि भाग नकाशा पाहावा. सात-बारा मालक कोण हे सांगतो, झोन दाखला त्या जागेवर घर बांधता येईल की नाही हे सांगतो. निवासी क्षेत्रांपुरती तुकडेबंदीत सवलत देण्याचे पाऊल शासनाने २०२५ मध्ये उचलले आहे. परंतु अशा सवलतीमुळे ओढ्याकाठची वा उताराची जागा सुरक्षित होत नाही, हे विसरता कामा नये.

शेतकऱ्यालाही शहराजवळची जमीन राखावयाची तर तिचे उत्पन्न परवडले पाहिजे. पाणी, रस्ता आणि बाजार मिळाला तर भाजीपाल्याचा मळा टिकतो, आणि त्या मळ्याला 'पडीक' म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. केवळ नकाशावर हिरवा रंग देऊन आणि शेतकऱ्याला त्याच्या नशिबावर सोडून शेती वाचत नाही.

काळी आणि पांढरी यांच्या सीमेची राखण पूर्वी गाव स्वतः करीत असे. आज ती सीमा नकाशावर आहे आणि नकाशा कार्यालयात आहे, एवढाच काय तो फरक. तो नकाशा पाहणे, समजून घेणे आणि मुदतीत त्यावर बोलणे हे गावाचे काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.